दाराचा डोळा कुणाचा? व्हिडिओ स्मार्ट लॉकची एक समीक्षा



विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, पुस्तकाची समीक्षा समजते, नाटकाची समजते, कुलपाची समीक्षा कसली करताय? प्रश्न रास्त आहे. पण ज्या वस्तूला आपण दिवसातून चार-सहा वेळा हात लावतो, जिच्या भरवशावर रात्री झोपतो, ती वस्तू कुणीतरी काहीतरी समजूत मनात धरून बनवलेली असते. घर म्हणजे काय, परका कोण, भीती कशाची, किल्ली कुणाच्या हाती असावी, या सगळ्याबद्दल त्या वस्तूचं एक मत असतं. ते मत तपासून बघायला हरकत नसावी. शिवाय हे कुलूप पुस्तकापेक्षा पुष्कळ महाग आहे. (हशा)

आधी वस्तू कोणती ते सांगते. व्हिडिओ स्मार्ट लॉक म्हणजे कुलूप, दारावरची बेल आणि कॅमेरा हे तिन्ही एकाच डब्यात. बाहेरच्या बाजूला कॅमेरा, बेलचं बटण, आकड्यांची पाटी, बोटाचा ठसा घेणारी काच. आतल्या बाजूला बॅटरी, मोटर आणि हातानं फिरवायची मूठ. कुणी दाराशी आलं की फोनवर चित्र येतं. तुम्ही ऑफिसात असा नाहीतर सिंगापूरला असा, तिथून बोलता येतं आणि तिथून दार उघडता येतं. किल्ली विसरण्याचा प्रश्न नाही. सोय मोठी आहे, आणि ती मी नाकारणार नाही. लहान मूल कडेवर आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ज्यांनी पर्समध्ये किल्ली शोधलीय त्यांना बोटानं उघडणारं दार काय असतं हे सांगायला नको.

आता ही कल्पना अगदी आजची आहे असं जाहिराती भासवतात. ती आजची नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची एक कृष्णवर्णीय नर्स राहायची. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा जुळत नसत, त्यामुळे ती पुष्कळदा घरात एकटी असे. वस्तीत गुन्हे होत आणि पोलिसांना बोलावलं तर ते लवकर येत नसत. नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. दोघांनी मिळून १९६६ साली एका यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळालं. त्यात दारावर चार छिद्रं होती, वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे उंच माणूस असो की लहान मूल, दिसायला हवं. मागे वर-खाली सरकणारा कॅमेरा. चित्र झोपायच्या खोलीतल्या टीव्हीच्या पडद्यावर. बाहेरच्याशी बोलायची सोय, दूरून दार उघडायची सोय, आणि संकटाची सूचना पाठवायचं एक बटण. म्हणजे आज ज्याला आपण व्हिडिओ स्मार्ट लॉक म्हणतो ते जवळजवळ सगळं त्यात होतं.

मी आजच्या कुलपाला याच पूर्वजाच्या मापानं मोजणार आहे. ब्राऊनबाईंच्या यंत्रणेत एक गोष्ट इतकी स्वाभाविक होती की तिची कुणी वाच्यताही केली नसेल. कॅमेऱ्यातून निघालेलं चित्र घरातच संपत होतं. बघणारी बाई घरात, चित्र घरात, निर्णय घरात. आजच्या कुलपातून निघालेलं चित्र बहुतेक वेळा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून तुमच्या खिशातल्या फोनवर येतं. दार आणि तुमच्यामध्ये एक तिसरा घर करून बसला आहे. त्याला तुम्ही बेल वाजवून आत घेतलेलं नाही. अटी आणि शर्ती वाचल्याशिवाय 'मान्य' दाबलंत तेव्हा तो आला.

बरं, त्या उंचीकडेही बघा. ब्राऊनबाईंनी चार छिद्रं ठेवली. आजचा कॅमेरा कुलपातच बसवलेला, आणि कुलूप असतं मुठीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर. तिथून माणूस कसा दिसतो? पोट मोठं, हनुवटी मोठी, नाकपुड्या ठळक. माणूस जवळ उभा राहिला तर चेहऱ्याचा पत्ताच नाही, शर्टाची बटणं मोजा. त्यावर उपाय म्हणून रुंद कोनाची भिंग लावतात, ती चेहरा वाकवते. साध्या सागवानी दारातलं जुनं पीप होल पाच फुटांवर असायचं, कारण माणसाचे डोळे तिथे असतात. तीन वस्तू एका डब्यात कोंबल्या की त्यातली एक चुकीच्या जागी जाते. इथे चुकीच्या जागी गेला तो नेमका डोळा.

आता कुलपाच्या मूळ कामाकडे येऊ. मराठी वर्तमानपत्रात घरफोडीची बातमी वाचलीत की एक वाक्य ठरलेलं असतं, 'बंद फ्लॅटचा कडीकोयंडा उचकटून'. पत्रकाराच्या बोटांना ते वाक्य पाठ झालेलं आहे. पण त्या वाक्यात दोन गोष्टी नेमक्या आल्यात. एक म्हणजे 'बंद', दुसरी म्हणजे 'उचकटून'. चोर घर बंद आहे हे हेरतो आणि कटावणी लावतो. तो कुलपाचं कोडं सोडवत बसत नाही. बोटाचा ठसा, सहा आकडी पिन, सांकेतिक लिपी, हे सगळं कोडं सोडवणाऱ्या चोरासाठी आहे. कटावणीला उत्तर देते ती चौकट. चौकटीचं लाकूड किती जाड, कडीची पट्टी किती लांबीच्या स्क्रूंनी धरलीय, बोल्ट चौकटीत किती आत जातो. पोकळ फ्लश डोअरवर हजारो रुपयांचं कुलूप बसवलेलं मी पाहिलंय. म्हणजे धोतर फाटकं आणि वर जरीचा फेटा.

'बंद' या शब्दाच्या बाबतीत मात्र या कुलपाला श्रेय दिलं पाहिजे. आपल्याकडे गावाला जाताना सेफ्टी डोअरला बाहेरून भलंमोठं कुलूप लावायची पद्धत. ते कुलूप म्हणजे घरात कुणी नाही याची जाहीर पाटी. स्मार्ट लॉक काय, किंवा दारातच बसवलेलं कुठलंही कुलूप काय, आत माणूस आहे की नाही हे बाहेर सांगत नाही. बेल वाजवली तर तुम्ही रत्नागिरीहून 'कोण आहे?' विचारू शकता. भुरट्या चोराला यानं अडायला होतं, हे खरं आहे. पण तेवढ्यासाठी मोटरवर चालणारा बोल्ट लागतो का? व्हिडिओ बेल आणि चांगलं मॉर्टाइज लॉक, दोन्ही वेगवेगळी घेतली तर हेच काम होतं, आणि एक बिघडलं तर दुसरं चालू राहतं.

बिघडण्याचं म्हणाल तर आपला पाऊस आहेच. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये लाकडी दार फुगतं. फुगलेलं दार आपण कसं लावतो? खांदा लावून, मूठ वर उचलून, एक हिसका देऊन. मोटरला खांदा नाही. बोल्ट चौकटीतल्या भोकासमोर नीट आला नाही तर ती कुरकुरते, बॅटरी खाते, आणि फोनवर कुलूप अडकल्याचा निरोप पाठवते. वीज गेली तर कुलूप बॅटरीवर चालतं, पण घरातला राऊटर बंद पडतो आणि दूरून बघणं, दूरून उघडणं तिथेच संपतं. फ्लॅटच्या कॉरिडॉरमध्ये तर जिन्यावरून जाणारा प्रत्येक माणूस, दूधवाला, वरच्या मजल्यावरची मुलं, सगळ्यांसाठी कॅमेरा जागा होतो. त्याची किंमतही बॅटरीच देते.

आणि बिघाड तुमच्या दारातच व्हायला हवा असंही नाही. २०१७ साली अमेरिकेत लॉकस्टेट नावाच्या कंपनीनं आपल्या कुलपांना इंटरनेटवरून सुधारित सॉफ्टवेअर पाठवलं. ते चुकीच्या मॉडेलला गेलं आणि सुमारे पाचशे कुलपांच्या आकड्यांच्या पाट्या निकामी झाल्या. त्यातली बरीच पाहुण्यांना भाड्यानं दिलेल्या घरांची होती. कुलूप काढून कंपनीकडे पाठवा नाहीतर नवीन यायची वाट बघा, असे दोनच मार्ग लोकांपुढे होते. साध्या पितळी कुलपाच्या कारखानदाराची इच्छा असती तरी त्याला एका दुपारी पाचशे घरांची कुलपं बिघडवता आली नसती.

आता त्या तिसऱ्याबद्दल, म्हणजे कंपनीबद्दल. रिंग ही दारावरच्या कॅमेऱ्यांची सगळ्यात गाजलेली कंपनी, २०१८ साली अ‍ॅमेझॉननं घेतली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये तिच्यावर तक्रार दाखल केली. तीत म्हटलं होतं, की कर्मचाऱ्यांना ग्राहकांचं खासगी चित्रण पाहता येत होतं आणि एका कर्मचाऱ्यानं २०१७ साली कित्येक महिने स्त्री-ग्राहकांची हजारो चित्रणं पाहिली. कंपनीनं ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. यूफी ही दुसरी कंपनी, चित्रण तुमच्या घरातच राहतं या आश्वासनावर तिचा धंदा उभा. २०२२ च्या शेवटी एका संशोधकानं दाखवलं, की दाराशी आलेल्या माणसांची छोटी छायाचित्रं क्लाऊडवर जात होती. २०२४ च्या फेब्रुवारीत वाईझ कंपनीची यंत्रणा बंद पडून पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे १३ हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यातली चित्रं दिसली. यात कुणी हॅकर नाही, काळा हूड घातलेला चोर नाही. पगारी नोकर, जाहिरातीतलं एक वाक्य आणि एक तांत्रिक घोळ, एवढ्यावर हे झालं.

भारतात कॅमेऱ्यांच्या सुरक्षेची चाचणी सक्तीची करणारी अधिसूचना २०२४ मध्ये निघाली आणि पुढच्या वर्षी अमलात आली. चांगलं आहे. पण ती यंत्रात भगदाड आहे का हे बघते. यंत्र नीट चालत असताना ते कुणाकडे बघतं, हा प्रश्न तिच्या कक्षेतला नाही.

हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आपली घरं अमेरिकेतल्या घरांसारखी नाहीत. तिथे दारापुढे अंगण, मग रस्ता. आपल्याकडे समोरासमोर दोन दारं, मध्ये पाच-सहा फुटांचा बोळ. तुमच्या दाराचा डोळा चोवीस तास शेजाऱ्याच्या दाराकडे बघत असतो. चाळीत कोण कुणाकडे आलं हे सगळ्यांना माहीत असायचं, हे मान्य. पण चाळीतली शेजारीण बघत असली तर तुम्हालाही ती बघताना दिसायची, तिला टोकता यायचं, आणि आठ दिवसांनी ती विसरायची. कॅमेरा टोकता येत नाही आणि तो विसरत नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी मुलगी असेल, तिच्याकडे रात्री साडेदहाला कोण आलं, सकाळी किती वाजता गेलं, त्याचं नाव कुठल्या धर्मातलं वाटतं, याची तारीखवार नोंद तुमच्या फोनमध्ये तयार होते. उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती नोंद बाहेर काढायला कितीसा वेळ लागतो? भाडेकरूला घर सोडायला लावायला आपल्याकडे पुराव्याची गरज कधी पडली नाही. आता पुरावाही मिळेल.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या कौंटी कोर्टात २०२१ साली असंच प्रकरण आलं होतं. घरमालकाचे कॅमेरे आपल्यावर नजर ठेवतात अशी शेजारणीची तक्रार होती, आणि न्यायाधीशांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. त्यातला महत्त्वाचा भाग आवाजाचा. आपल्याच आवारात चाललेलं बोलणं शेजाऱ्याच्या यंत्रात भरलं जाणं, हे न्यायालयाला चित्रापेक्षाही जास्त खटकलं. आपल्याकडचं उदाहरण घरातल्या घरातलं आहे. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे, असं कलकत्ता उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही. पण आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून व्यक्तीनं घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती वगळलेली आहे. तेव्हा समोरच्या त्या मुलीनं या कायद्याचा आधार घ्यायला जावं, तर 'हे तर घरगुती आहे' असं उत्तर तयार असणार. दार घरगुती आहे हो, बोळ कुठे घरगुती आहे?

आता उंबरठ्याच्या आत येऊ. जुन्या घरात किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला, यावरून घरात सत्ता कुणाची ते कळायचं. सासूनं तो सुनेकडे दिला की तो मोठा प्रसंग. स्मार्ट लॉकनं जुडगा नाहीसा केला, कंबर मात्र राहिली. तिचं नवीन नाव 'अ‍ॅडमिन'. हे कुलूप बसवायला येणारा तंत्रज्ञ एकाच माणसाच्या फोनवर ते सुरू करून देतो, आणि आपल्याकडे तो फोन बहुधा घरातल्या पुरुषाचा. बाकीचे सगळे 'वापरकर्ते'. बायको किती वाजता बाहेर गेली, मुलगी किती वाजता आली, हे अ‍ॅडमिनला न विचारता कळतं. अ‍ॅडमिन किती वाजता आला याची नोंद अ‍ॅडमिनजवळच. घरातली अशी यंत्रं जोडीदाराला छळायला कशी वापरली जातात, अचानक बदललेला दाराचा कोड, पाळत, यावर न्यूयॉर्क टाइम्सनं २०१८ मध्येच सविस्तर लिहिलं होतं. किल्ली हिसकावून घ्यावी लागते, हात पिरगळावा लागतो, शेजारी ऐकतात. ठसा पुसायला अंगठा पुरतो.

परदेशी मुलांच्या आईवडिलांचं तर काय सांगावं. पुण्यात हा प्रकार घरोघरी आहे. मुलगा न्यू जर्सीत, आईबाबा कोथरूडला. मुलगा सुट्टीत येतो, प्रेमानं कुलूप बसवून जातो, अ‍ॅडमिन स्वतः. हेतूबद्दल शंका नाही. बाबा बाथरूममध्ये पडले तर दूरून दार उघडून शेजाऱ्यांना आत पाठवता येतं, आणि ही सोय खरोखर जीव वाचवू शकते. पण मग प्लंबर आला की बेल न्यू जर्सीत वाजते. तिथे पहाट असते. घरात जिवंत, चालता-बोलता माणूस असताना 'कोण पाहिजे?' असं विचारतो तो आठ हजार मैलांवरचा आवाज. आजींना हळूहळू सवय होते, दाराशी जायचं नाही, 'तो बघेल'. ज्या घराचं कर्ज तिनं फेडलं त्या घराच्या दारात ती वापरकर्ती क्रमांक दोन.

घरकामाला येणाऱ्या मावशींचंही असंच. वर्षानुवर्षं भांडी घासून, धुणं धुऊन बोटांचे ठसे झिजतात. रेशनच्या दुकानातल्या मशीनपुढे आपण हे पाहिलंय, मावशी पदराला बोट पुसून पुसून दाबतायत आणि मशीन ओळख देत नाही. तेच आता दाराशी. मग त्यांना कोड दिला जातो, सकाळी नऊ ते साडेदहा चालणारा. यात एक चांगली बाजू आहे हे मी प्रामाणिकपणे सांगते. पूर्वी घरात काही हरवलं की पहिला संशय मावशींच्या किल्लीवर. नोंद असली तर त्या किती वाजता गेल्या हे दाखवता येतं. पण दाखवता कुणाला येतं? नोंद मालकिणीच्या फोनमध्ये. मावशींना ती मागता येत नाही. उशिराचा पगार कापायला ती निघते, निर्दोष ठरवायला निघेलच असं नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली काही भाडेकरूंनी घरमालकावर दावा लावला, आम्हाला अ‍ॅपवाली कुलपं नकोत, साधी किल्ली द्या म्हणून, आणि तडजोडीत मालकाला किल्ल्या द्याव्या लागल्या. त्यांच्याकडे वकील होता. मावशींकडे फक्त पुढचं घर असतं.

आणि ज्या भीतीपोटी हे सगळं चाललंय ती भीती तरी आज दारातून येते का? गेल्या दोन वर्षांत आपल्या ओळखीतल्या किती ज्येष्ठांचे पैसे कडीकोयंडा उचकटून गेले आणि किती जणांचे फोनवरून गेले, हे आपणच मनाशी मोजा. 'डिजिटल अरेस्ट' करणारा भामटा आजोबांना पहिली गोष्ट काय सांगतो? दार लावून घ्या आणि कुणाशी बोलू नका. तेव्हा व्हिडिओ लॉक आपलं काम चोख बजावतं. (हशा)

एक चिठ्ठी आली आहे. 'बाई, टीका समजली. आम्ही गेल्या महिन्यातच घेतलं. आता काय करू?'

काढून टाकू नका, पैसे मोजलेत. (हशा) आज घरी गेल्यावर एवढं बघा. साधी किल्ली लागायची जागा त्यात आहे का, आणि ती किल्ली घराबाहेर कुणाकडे तरी ठेवलीय का? घरातच ठेवली असेल तर तिचा उपयोग शून्य. आतली मूठ बॅटरीशिवाय, हातानं फिरते का ते फिरवून बघा. आग लागली तर तीच कामाची. बाहेरच्या आवाजाचं मुद्रण बंद करता येत असेल तर करा. चित्रात समोरच्याचं दार येत असेल तर तेवढा भाग झाकायची सोय बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते, ती वापरा आणि झाकल्याचं समोर जाऊन दाखवा. चित्रण क्लाऊडऐवजी घरातल्या कार्डावर साठवता येत असेल तर तसं करा, जुनं आपोआप पुसलं जाऊ द्या. घरात ज्या दोघांचं घर आहे ते दोघंही अ‍ॅडमिन असू द्यात. आईवडिलांचं घर असेल तर पहिल्या अ‍ॅडमिन आई. मावशींना त्यांची नोंद महिन्याला एकदा दाखवा, त्यांनी मागण्याआधी.

आणि सुताराला बोलावून चौकटीचे स्क्रू बदलून घ्या. अर्ध्या-पाऊण इंचाचे असतील. तीन इंची लावायला सांगा, चौकटीतून मागच्या भिंतीपर्यंत गेले पाहिजेत.

दुसरी चिठ्ठीही आहे, पण ती कोणत्या कंपनीचं घ्यावं अशी आहे. ते मी सांगणार नाही. चहा तयार आहे असं कळतंय.